नोंद पक्की झाली, पण खरी झाली का?

सार्वजनिक बांधकाम खात्यातल्या मोजमाप पुस्तिकेचे, म्हणजे साइटवर सगळे जिला नुसती ‘एमबी’ म्हणतात तिचे, नियम कडक आहेत. पानांवर छापील क्रमांक असतात. पान फाडायचे नाही, नोंद शाईनेच करायची, खाडाखोड करायची नाही. चूक झालीच तर जुना आकडा वाचता येईल अशी रेघ मारायची, नवा आकडा लिहायचा आणि शेजारी सही करायची. पुस्तिका कोणत्या कार्यालयातून कोणाकडे गेली याचीही वेगळी नोंद ठेवायची. बांधकाम व्यवस्थापनात ब्लॉकचेन आणा म्हणजे अविश्वास संपेल, असे सांगणाऱ्यांनी आधी या पुस्तिकेकडे पाहावे. जुने पुसायचे नाही, नवे जोडत जायचे, प्रत्येक नोंदीला सही आणि क्रम द्यायचा, हे सारे तत्त्व तिच्यात आहे. तरीही न झालेल्या कामाची मोजमापे एमबीत चढली आहेत, कमी जाडीचा थर पूर्ण जाडीचा म्हणून लिहिला गेला आहे आणि त्यावर रीतसर देयके निघाली आहेत. त्यासाठी कोणाला पान फाडावे लागले नाही, कारण खोटेपणा नंतर घुसवलेला नव्हता. ती नोंद लिहिली त्या दिवशीच खोटी होती. ब्लॉकचेनने बांधकामात विश्वास निर्माण होईल का, या प्रश्नाचा विचार इथूनच सुरू व्हायला हवा असे मला वाटते, आणि गेल्या आठ-दहा वर्षांतले संशोधन, प्रयोग आणि अपयशे पाहिली तर हाच मुद्दा पुन्हा पुन्हा समोर येतो.

तंत्र थोडक्यात सांगतो. कोणतीही फाइल, मग ते ड्रॉइंग असो, चाचणीचा अहवाल असो की देयक, गणिती प्रक्रियेतून नेली की तिचा ठरावीक लांबीचा ठसा तयार होतो. त्याला हॅश म्हणतात. फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पूर्ण बदलतो, आणि ठशावरून मूळ फाइल मात्र काढता येत नाही. प्रत्येक नव्या नोंदीत मागच्या नोंदीचा ठसा गुंफला की साखळी तयार होते. मधली कडी बदलायची तर पुढच्या सगळ्या कड्या बदलाव्या लागतात. अमेरिकेतले संशोधक स्टुअर्ट हॅबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांनी १९९१ मध्ये कागदपत्रांवर काळाची अशी खूण उमटवण्याची पद्धत मांडली. पुढे त्यांच्या कंपनीने त्या साखळीचा ठसा न्यूयॉर्क टाइम्समध्ये छोट्या जाहिरातीसारखा छापायला सुरुवात केली. वर्तमानपत्राच्या लाखो प्रती गोळा करून बदलणे कोणालाच शक्य नव्हते. २००८ मध्ये सातोशी नाकामोतो या नावाने प्रसिद्ध झालेल्या बिटकॉइनच्या निबंधाने यात एक मोठी भर घातली. वहीची प्रत अनेकांकडे ठेवायची आणि कोणती नोंद ग्राह्य हे कोणा एका मालकाने न ठरवता सर्वांनी मिळून ठरवायचे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या इथेरियमने त्याच वहीत अटी लिहिण्याची सोय केली: अमुक घडले की तमुक रक्कम आपोआप वळती होईल. यालाच स्मार्ट करार म्हणतात. पुसता न येणारी नोंद, एकाची मालकी नसलेली वही आणि आपोआप पाळली जाणारी अट, अशा तीन गोष्टी हे तंत्र देऊ करते. बांधकामातला अविश्वास नेमका कुठे आहे आणि या तिन्हींपैकी कोणती गोष्ट तिथे पोहोचते, हे तपासायचे आहे.

बांधकामाचा धंदा अविश्वासाला पोषक आहे, यात माणसांच्या स्वभावाचा भाग कमी आणि रचनेचा जास्त. दर कामाला माणसांची नवी मोट बांधली जाते. मालक, वास्तुविशारद, सल्लागार, मुख्य कंत्राटदार, त्याचे उपकंत्राटदार, मटेरियल पुरवणारे आणि सर्वांत खाली मुकादमाने आणलेले मजूर एका कामापुरते एकत्र येतात आणि काम संपले की पांगतात. काम आधी होते, पैसा नंतर येतो. झालेल्या कामाचा मोठा भाग पुढच्या कामाखाली झाकला जातो. स्लॅब ओतल्यावर आतली सळई कोणाला दिसत नाही. ब्रिटनमध्ये सर मायकेल लॅथम यांनी १९९४ मध्ये सरकार आणि उद्योग यांच्यासाठी केलेला अहवाल याच दुखण्यावर होता. मॅकिन्झी संस्थेने २०१७ मध्ये मांडले की आधीच्या वीस वर्षांत जगभरच्या बांधकाम क्षेत्राची श्रम-उत्पादकता वर्षाला सरासरी १ टक्काच वाढली. कारखानदारीत हाच वेग ३.६ टक्के होता. या मागासलेपणाला अनेक कारणे आहेत, पण प्रत्येकाने प्रत्येकाचा हिशेब पुन्हा तपासायचा, अनामत अडकवून ठेवायची, बँक हमी मागायची आणि शेवटी लवादाकडे जायचे, या साऱ्याचा खर्चही त्यातच आहे.

या पार्श्वभूमीवर संशोधकांना ब्लॉकचेनचे आकर्षण वाटले यात नवल नाही. ल्युब्लियाना विद्यापीठातले झिगा तुर्क आणि रॉबर्ट क्लिंक यांनी २०१७ मध्ये बांधकाम व्यवस्थापनातील त्याच्या शक्यतांवर लिहिले आणि इमारतीच्या त्रिमितीय माहिती-प्रतिमानात, म्हणजे बिममध्ये, कोणी कधी काय बदलले याची खात्रीलायक नोंद ठेवण्यावर भर दिला. २०१९ मध्ये जेनिफर ली, डेव्हिड ग्रीनवूड आणि मोहमद कासेम यांनी तोवरच्या साहित्याचा विस्तृत आढावा घेतला. त्यात वापराच्या कल्पना भरपूर होत्या, प्रत्यक्ष साइटवरचे पुरावे मात्र थोडे. २०२० मध्ये झुरिकच्या ईटीएच संस्थेतले येन्स हुनहेविझ आणि डॅनियल हॉल यांनी जो प्रश्न विचारला तो मला सर्वांत मोलाचा वाटतो: बांधकामात तुम्हाला ब्लॉकचेन खरेच लागते का? कोणत्या वापराला कोणत्या प्रकारची साखळी हवी आणि कुठे साधा डेटाबेस पुरतो, हे पायरीपायरीने ठरवण्याची चौकट त्यांनी दिली. त्याच वर्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील चियान आणि पापादोनिकोलाकी यांनी दाखवले की या तंत्राने विश्वासाची जागा बदलते, तो माणसांच्या परस्परसंबंधांवरून यंत्रणेकडे सरकतो. विश्वास नाहीसा होत नाही की नव्याने उगवत नाही. ज्याच्यावर ठेवायचा तो बदलतो. मग नवा ‘तो’ कोण, हे विचारणे भाग आहे.

पैशापासून सुरुवात करू, कारण साइटवरच्या बहुतेक भांडणांचे मूळ तिथेच आहे. स्मार्ट कराराचे समर्थक म्हणतात, काम पूर्ण झाल्याची नोंद झाली की रक्कम आपोआप कंत्राटदाराच्या आणि त्याच क्षणी उपकंत्राटदाराच्या खात्यात जाईल. कोणाच्या टेबलावर फाइल अडणार नाही. स्टॅनफर्डमधील हेसाम हमलेदारी आणि मार्टिन फिशर यांनी २०२१ मध्ये ड्रोनसारख्या साधनांनी टिपलेली कामाची प्रगती थेट स्मार्ट कराराला जोडून देयके वळती करता येतात, हे प्रत्यक्ष व्यापारी बांधकामांवर दाखवलेही. प्रयोग उत्तम आहे. पण पैसे उशिरा मिळण्याची कारणे पाहिली तर नोंदीचा अभाव हे कारण यादीत फार खाली येते. ब्रिटनमधली कॅरिलियन ही महाकाय कंत्राटदार कंपनी १५ जानेवारी २०१८ रोजी बुडाली तेव्हा सुमारे ३० हजार पुरवठादार आणि उपकंत्राटदारांचे मिळून अंदाजे २ अब्ज पौंड तिच्याकडे अडकले होते. कोणाचे किती देणे आहे हे कंपनीला ठाऊक नव्हते, असे नव्हे. पुरवठादारांना १२० दिवसांपर्यंत थांबवून ती त्यांच्या पैशावर स्वतःचा संसार चालवत होती, तेही वेळेवर पैसे देण्याच्या ऐच्छिक संहितेवर सही केलेली असताना. ही देणी साखळीत कोरून ठेवली असती तरी खात्यात पैसा नव्हता तो नव्हताच. अशा वेळी उपयोगी पडते ते प्रकल्पासाठीचे वेगळे, विश्वस्त स्वरूपाचे बँक खाते. मालकाचा पैसा त्यात येतो आणि तिथून थेट उपकंत्राटदाराकडे जातो; मुख्य कंत्राटदार बुडाला तरी त्याच्या धनकोंना त्याला हात लावता येत नाही. ही सोय कायद्याची आणि बँकेची आहे. ब्लॉकचेन तिला वेग देईल, तिची जागा घेणार नाही.

आपल्याकडचे चित्र याहून वेगळे नाही. २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या कंत्राटदारांनी सार्वजनिक बांधकाम आणि जलजीवन मिशनच्या थकलेल्या देयकांसाठी आंदोलने केली, तेव्हा त्यातली बरीच देयके तपासून, मंजूर होऊन पडली होती. अंदाजपत्रकातल्या तरतुदीपेक्षा कितीतरी जास्त कामांना मंजुरी दिली की शेवटी हेच होते. तिजोरीतला निधी येईल तेव्हा वाटायचा अशी रीत असेल तर स्मार्ट करार रिकाम्या खात्याला आज्ञा देत बसेल. उलट, कामाला प्रशासकीय मान्यता देतानाच त्या वर्षाचा निधी वेगळ्या खात्यात बांधून ठेवला, तर देयक वेळेत द्यायला साधी संगणक प्रणालीही पुरेशी आहे. केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या २९ ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांनी केंद्राच्या कामांसाठी वेळेचे बंधन घातलेच आहे: धावते देयक सादर झाल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत किमान ७५ टक्के रक्कम द्यायची आणि उरलेली तपासणी करून, सादर झाल्यापासूनच २८ कामकाजाच्या दिवसांच्या आत. नियम आहे, प्रणाली आहे. निधी आणि जबाबदारी यांची सांगड नाही.

इथे चीनचे उदाहरण कोणी देईल आणि ते द्यायलाच हवे. बीजिंगच्या दक्षिणेला २०१७ मध्ये घोषित झालेल्या शिओंगआन या नव्या शहरात वृक्षलागवड आणि पुनर्वसनाच्या प्रकल्पांचा निधी ब्लॉकचेनच्या व्यासपीठावरून हाताळला गेला आणि मजुरांची मजुरी वरच्या कंत्राटदाराच्या हातात न थांबता थेट त्यांच्यापर्यंत पोहोचावी अशी रचना झाली. हे यश मान्य करतानाच त्यामागचा कायदाही पाहावा लागतो. १ मे २०२० पासून चीनमध्ये स्थलांतरित मजुरांच्या वेतनाचा नियम लागू आहे; त्यानुसार बांधकाम प्रकल्पाला मजुरीसाठी वेगळे खाते उघडावे लागते आणि मुख्य कंत्राटदारावर थेट जबाबदारी येते. शिवाय निधी देणारे सरकार, व्यासपीठ चालवणारे सरकार आणि न पाळल्यास शिक्षा करणारेही सरकारच. कोणा एकाची मालकी नसलेली वही, हा ब्लॉकचेनचा मूळ दावा तिथे लागूच होत नाही. मजुराला पैसे मिळाले ते वेगळ्या खात्यामुळे आणि कडक अंमलबजावणीमुळे. साखळीने माग ठेवणे सोपे केले.

आता पहिल्या नोंदीकडे वळू. साखळी फक्त एवढेच सांगते की ही नोंद अमुक वेळी झाली आणि तेव्हापासून बदललेली नाही. ती खरी आहे का, हे सांगणे तिच्या आवाक्याबाहेरचे आहे. बिटकॉइनसारख्या नाण्याच्या बाबतीत ही अडचण येत नाही, कारण नाणे साखळीतच जन्मते. काँक्रीट साखळीत जन्मत नाही. ते ट्रान्झिट मिक्सरमधून येते आणि त्याची नोंद कोणीतरी माणूस किंवा यंत्र करते. रोजगार हमीच्या कामांवर हजेरीसाठी मोबाइल अॅपवर छायाचित्र चढवणे सक्तीचे झाले, तेव्हा खोटी हजेरी थांबेल अशी अपेक्षा होती. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून सांगावे लागले की कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे चढवली जात आहेत, छायाचित्राचेच छायाचित्र काढून लावले जात आहे. ही छायाचित्रे ब्लॉकचेनवर ठेवली असती तर त्यांना जास्तच वजन आले असते. हा धोका बारकाईने लक्षात घ्यायला हवा: न बदलणाऱ्या नोंदीला लोक खरी नोंद समजू लागतात, आणि सुरुवातीलाच घुसलेल्या खोट्याला तंत्रज्ञानाचे प्रमाणपत्र मिळते.

हाँगकाँगच्या हुंग होम स्थानकाचे प्रकरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. शाटिन ते सेंट्रल या मेट्रो मार्गावरच्या या स्थानकात सळयांची टोके त्यांना जोडणाऱ्या कपलरमध्ये पूर्ण न बसवता कापली गेल्याचे २०१८ मध्ये उघडकीस आले आणि माजी न्यायाधीश मायकेल हार्टमन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. चौकशीत आणखी एक गोष्ट बाहेर आली. ओतकामापूर्वीच्या तपासणीचे जे विनंतीपत्रक कंत्राटदाराने भरायचे आणि अभियंत्याने सही करायचे, ती पत्रके अनेक ठिकाणी सापडेनात. अनेक तपासण्या तोंडी उरकल्या गेल्या होत्या. तिथली नोंद कोणी बदललेली नव्हती, ती केलेलीच नव्हती. यावर हाँगकाँग सरकारने मोठ्या सार्वजनिक कामांवर डिजिटल पर्यवेक्षण प्रणाली सक्तीची केली, ज्यात तपासणीची मागणी, भेट आणि मंजुरी साइटवरूनच नोंदवली जाते. मला हा उपाय बरोबर वाटतो, कारण तो रोगाच्या जागी बसतो. तपासणीची नोंद झाल्याशिवाय ओतकामाची परवानगीच निघणार नाही अशी अट प्रणालीत घातली, तर अभाव झाकता येत नाही. या अटीला ब्लॉकचेन लागत नाही. ती इतरत्र कुठे लागते हा प्रश्न पुढचा आहे.

आपल्याकडच्या अपघातांनाही हाच निकष लावून पाहावा. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. चौकशीत गंज, कमकुवत आधारचौकट आणि सदोष वेल्डिंग यांकडे बोट दाखवले गेले. वेल्डिंगचा प्रत्येक जोड कोणी तपासला हे विचारणारी व्यवस्था नसेल तर साखळीत टाकायला हाती काय उरते? अंधेरीचा गोखले पूल फेब्रुवारी २०२४ मध्ये अर्धा सुरू झाला तेव्हा शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलापेक्षा तो दीड-दोन मीटर उंच निघाला. तिथे कोणी कोणाची नोंद बदलली असे नव्हते; एका पुलाची उंची बदलली तेव्हा दुसऱ्याचे काय, याची सांगड वेळेत घातली गेली नाही. समन्वयाच्या अशा अपयशावर सर्वांना एकच ताजे ड्रॉइंग दिसेल असे सामाईक माहिती-दालन हा इलाज आहे, आणि २०१८ च्या आयएसओ १९६५० या मानकाने तो सविस्तर सांगितला आहे. अविश्वास, अज्ञान आणि बेपर्वाई या तीन वेगळ्या व्याधी आहेत. तिन्हींवर एकच औषध विकणाऱ्याकडे संशयाने पाहावे.

यावर दोन आक्षेप गंभीरपणे घेण्यासारखे आहेत. पहिला असा की पहिली नोंद माणसाच्या हातून काढून घेतली तर प्रश्न सुटेल: बॅचिंग प्लँटचे वजनकाटे, काँक्रीटमध्ये पुरलेले तापमान-संवेदक, दाबचाचणीचे यंत्र आणि ड्रोन यांनी परस्पर साखळीत लिहावे. दिशा योग्य आहे. १५० मिलिमीटरचा घन २८ दिवसांनी यंत्रात फुटला की आकडा थेट प्रणालीत जावा, मधे कोणी टंकलेखन करू नये, हे आजच करता येण्यासारखे आहे. परंतु तो घन याच स्लॅबच्या काँक्रीटचा आहे की प्रयोगशाळेसाठी जास्त सिमेंट घालून वेगळा केलेला, हे यंत्राला कळत नाही. ड्रोन राशी मोजतो, गुणवत्ता नाही. भिंतीचे घनमीटर सांगतो, आतल्या सळईचे आच्छादन किती मिलिमीटर हे सांगत नाही. संवेदक कोणाच्या मालकीचा आणि त्याचे अंशमापन कोण करतो, हा प्रश्न तर उरतोच. यंत्रांनी फसवणूक महाग होते, अशक्य होत नाही. महाग होणे हेही मोलाचे आहे, म्हणून हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. उरलेल्या अर्ध्यासाठी साइटवर उभा राहणारा, ज्याचा पगार कंत्राटदाराच्या हातात नाही असा अभियंता लागतो.

दुसरा आक्षेप नेमका उलट बाजूने येतो: असे असेल तर ब्लॉकचेन हवीच कशाला, साधा डेटाबेस काय वाईट? राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २०२० मध्ये डेटा लेक ही प्रणाली आणून प्रकल्पांचा सारा कारभार आणि कंत्राटी पत्रव्यवहार ऑनलाइन केला. त्यात ब्लॉकचेन नाही. आणि मोठ्या ब्लॉकचेन प्रयोगांची कहाणी सावध करणारी आहे. मर्स्क आणि आयबीएम यांनी जागतिक जहाजवाहतुकीसाठी उभारलेले ट्रेडलेन्स नोव्हेंबर २०२२ मध्ये गुंडाळण्याचे जाहीर झाले. तंत्र चालत होते, पण प्रतिस्पर्धी कंपन्या पुरेशा संख्येने आणि मनाने सामील झाल्या नाहीत. त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजाराने आपली व्यवहारपूर्तीची यंत्रणा ब्लॉकचेनसदृश तंत्रावर नेण्याचा वर्षानुवर्षे रेंगाळलेला प्रकल्प थांबवला आणि सुमारे २५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरवर पाणी सोडले. ज्या उद्योगांत मोजकेच, बलाढ्य आणि संगणकसाक्षर खेळाडू आहेत तिथे ही गत, तर शेकडो लहान उपकंत्राटदार असलेल्या बांधकामात काय होईल? खात्याच्या एकाच सर्व्हरवर चार आभासी संगणक चालवून त्याला ब्लॉकचेन म्हणणे तर शुद्ध दिखावा आहे. सगळ्या प्रती एकाच्याच ताब्यात असतील तर त्याला त्या सगळ्या एकदम बदलता येतात.

तरीही साध्या डेटाबेसने भागत नाही अशी एक जागा आहे, आणि या साऱ्या चर्चेत तिच्याकडेच कमी लक्ष जाते. वाद लवादासमोर जातो तेव्हा सर्व्हरचा मालक हाच वादातला एक पक्ष असतो. सुधारित ड्रॉइंग कोणत्या तारखेला दिले, जागेचा ताबा कधी मिळाला, मुदतवाढीचे पत्र कधी पोहोचले, जास्तीच्या कामाची सूचना आधी आली की नंतर लिहून घेतली, अशा तारखांवर मोठ्या रकमांचे निवाडे फिरतात. खाते म्हणते, आमच्या प्रणालीत ही तारीख आहे. कंत्राटदार म्हणतो, प्रणाली तुमची, तारीखही तुमची. इथे बाहेरच्या, दोघांच्याही ताब्यात नसलेल्या साखळीत त्या दिवशीच ठसा नोंदलेला असेल तर वादाचा एक मोठा तुकडा गळून पडतो. यासाठी मूळ कागद बाहेर जायची गरज नाही. फक्त ठसा जातो, त्यामुळे दर किंवा मजुरांची वैयक्तिक माहिती उघड होत नाही. आणि २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती पुसण्याचा जो हक्क दिला आहे त्याच्याशीही संघर्ष टळतो, कारण मूळ माहिती पुसता येण्याजोगी साखळीबाहेरच राहते. खर्च किरकोळ आहे. हॅबर आणि स्टॉर्नेटा यांनी वर्तमानपत्रातल्या छोट्या चौकटीत साधले तेच हे काम.

भारतीय कायदाही आता याला अनुकूल झाला आहे, ही बाब बांधकाम क्षेत्रात अजून पुरेशी पोहोचलेली दिसत नाही. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतेच, हे सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात निःसंदिग्धपणे सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्राच्या नमुन्यात तर इलेक्ट्रॉनिक नोंदीचा हॅश आणि तो कोणत्या पद्धतीने काढला हे लिहावे लागते. म्हणजे वादाच्या वेळी जो ठसा काढून द्यावाच लागणार आहे, तो कागद तयार झाला त्याच दिवशी नोंदवून ठेवला तर पुराव्याचे बळ कितीतरी वाढते. तंत्र हाताळण्याचा अनुभवही राज्याला आहे. २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत सुमारे ६५ हजार जातप्रमाणपत्रे सार्वजनिक ब्लॉकचेनवर नोंदवण्याचा उपक्रम हाती घेतला गेला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने ‘विश्वस्य’ या नावाने राष्ट्रीय ब्लॉकचेन सुविधा सुरू केली. जातप्रमाणपत्र आणि एमबी यांत फरक आहे, तो विसरू नये. प्रमाणपत्राची सत्यता देणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीत असते. मोजमापाची सत्यता जमिनीवर असते.

स्मार्ट करारांबद्दल आणखी एक इशारा देणे आवश्यक आहे. बांधकामाचे करार ‘वाजवी मुदत’, ‘अभियंत्याच्या समाधानाप्रमाणे’, ‘अनपेक्षित भूस्तर’ अशा शब्दांनी भरलेले असतात. ही संदिग्धता आळसातून आलेली नाही. जमिनीखाली काय निघेल हे करार लिहिताना कोणालाच माहीत नसते म्हणून निवाड्याला जागा ठेवलेली असते. संगणकाच्या आज्ञावलीला अशी जागा ठेवता येत नाही. जून २०१६ मध्ये इथेरियमवरच्या ‘द डाओ’ या सामाईक निधीतून आज्ञावलीतल्या एका त्रुटीचा फायदा घेऊन सुमारे ३६ लाख इथर काढून घेतले गेले. आज्ञावलीच्या अक्षरानुसार तो व्यवहार वैध होता. शेवटी बहुसंख्यांच्या संमतीने साखळीच बदलून ती रक्कम परत वळवली गेली. न बदलणाऱ्या वहीलाही अखेर माणसांच्या निवाड्याकडे यावे लागले. म्हणून ठरलेला हप्ता, अनामत परत करण्याची तारीख, उशिरावरचे व्याज अशा निर्विवाद बाबी आपोआप व्हाव्यात, आणि मुदतवाढ, जास्तीचे काम, दोषांची जबाबदारी यांचा निर्णय माणसाने कारणे लिहून द्यावा, एवढीच विभागणी मला सुरक्षित वाटते. घरखरेदीदारांच्या बाबतीतही हेच. रेरा कायद्याने ग्राहकांकडून आलेल्या पैशातला ७० टक्के हिस्सा वेगळ्या खात्यात ठेवायला लावला आणि तो काढण्यासाठी अभियंता, वास्तुविशारद आणि सनदी लेखापाल यांची प्रमाणपत्रे सक्तीची केली. पैसे काढण्याची अट आपोआप तपासता येईल. पण ती तिन्ही प्रमाणपत्रे बिल्डरनेच नेमलेल्या व्यावसायिकांकडून येत असतील, तर प्रमाणित करणाऱ्यांची स्वतंत्रता हा प्रश्न साखळीच्या कितीतरी आधीचा आहे.

हे सगळे जमेस धरून क्रम ठरवायचा झाला तर माझे मत स्पष्ट आहे. राज्याच्या बांधकाम खात्याने आणि महापालिकांनी प्रत्येक कामाचा निधी मंजुरीबरोबर वेगळ्या खात्यात बांधावा. झाकल्या जाणाऱ्या प्रत्येक टप्प्यावर तपासणीची नोंद झाल्याखेरीज पुढची परवानगी मिळू नये, आणि तपासणारा कंत्राटदाराच्या पैशावर अवलंबून नसावा. त्यानंतर सुधारित ड्रॉइंग, तपासणीपत्रके, चाचणीचे निकाल, मोजमापे आणि देयक सादर केल्याची तारीख या पाचच गोष्टींचे ठसे त्याच दिवशी बाहेरच्या साखळीत जावेत आणि त्याची पावती कंत्राटदाराला, तसेच त्याच्या उपकंत्राटदारालाही मिळावी. या पावतीने देयक किती दिवस कोणाच्या टेबलावर पडले हे नाकारता येणार नाही, आणि अर्थ मंत्रालयाच्या १० दिवसांच्या नियमासारख्या बंधनाला प्रथमच मोजपट्टी मिळेल. पण मोजपट्टी हाती आल्यावर ती घेऊन दाद मागायची कुठे? ब्रिटनने १९९६ च्या कायद्याने ‘मला मिळाले की तुला देईन’ ही अट रद्दबातल ठरवली आणि बांधकामाच्या वादात २८ दिवसांत तात्पुरता पण बंधनकारक निवाडा मिळण्याचा हक्क दिला. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सने १९९९ मध्ये, सिंगापूरने २००४ मध्ये आणि मलेशियाने २०१२ मध्ये आपापले कायदे केले. भारतात बांधकामाच्या देयकांसाठी असा स्वतंत्र कायदा आजही नाही.